पोरांची एटीव्ही: पेट्रोलवाली ठेवावी की बॅटरीवाली?

पोरांच्या एटीव्हीबद्दल, म्हणजे कच्च्या रानात फिरवायच्या फुगीर टायरांच्या छोट्या चारचाकीबद्दल, कुणी विचारलं की पहिला प्रश्न सीसीचा असतो, दुसरा वेगाचा. मी उलट विचारतो, बंद पडल्यावर बघणार कोण? ही गाडी रोज चालत नाही. रविवारी, सुट्टीत, पाहुणे आले की तेवढी बाहेर निघते. एरवी उभी. आणि उभ्या गाडीलाच जास्त दुखणी लागतात.

आमच्या तासगावजवळच्या मळ्यातल्या शेडमध्ये काही काळ दोन्ही जातीच्या गाड्या शेजारी शेजारी होत्या. एक आमची, ११० सीसीची पेट्रोलवाली. दुसरी मेव्हण्यांची, ३६ व्होल्टची बॅटरीवाली. मेव्हण्यांचा फ्लॅट सांगलीत विश्रामबागेत, तिथल्या पार्किंगमध्ये ती फिरवायची सोय नाही. म्हणून भाच्याची गाडी आमच्याकडं आणि दोन्हींची देखभाल माझ्या गळ्यात. शेवटी मेव्हणेच म्हणाले, "दाजी, दोन्ही कशाला सांभाळताय? एक ठेवा, एक काढून टाकू." कुठली ठेवली ते पुढं कळेलच.

दोरी ओढून चालू करायची ४९ सीसीची टू-स्ट्रोक मी तुलनेत धरलेलीच नाही. लिटरमागे ४० मिली ऑइल मोजून मिसळायचं, आणि दोरी पोराच्या हातानं ओढत नाही म्हणून दर वेळी आपण हजर राहायचं. एवढी हौस असेल तर जरूर घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी कुठलीही घ्या, ती बांधाच्या आतच. डांबरी रस्त्यावर पोर दिसलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १९९अ कलम पालकाला धरतं, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखालच्या मुलांना एटीव्ही देऊच नका म्हणते. आम्ही देतो, पण हेल्मेट, बूट आणि ॲक्सिलेटरचा मर्यादेचा स्क्रू आत फिरवलेला, हे ठरलेलं. मागं कुणी बसायचं नाही, हेही.

आता पेट्रोलवाली. तिची दुखणी मोजकी आहेत आणि बहुतेक ती स्वतःच सांगते. चोक ओढल्यावर चालू होते आणि चोक सोडला की मरते, म्हणजे कार्बोरेटरमधलं पायलट जेट (पेट्रोल जायचं सगळ्यात बारीक भोक) चोंदलंय. सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर आधी हँडलवरचा लाल स्विच बघायचा आणि मागची दोरीची किल्ली जागेवर आहे का ते (पोर सुसाट सुटलं तर ओढून इंजिन बंद करायची ती दोरी; भाच्याला ती उपटून ठेवायची फार आवड), मग प्लग. आणि सेल्फ अजिबातच हूं की चूं करत नसेल तर ब्रेक दाबलाय का? या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. हे माहीत नसलेला माणूस थेट रिले बदलायला निघतो.

यातलं खरं डोकं खाणारं एकच, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. चालत्या गाडीला त्याचं फार काही नाही, पण महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीत तेच पेट्रोल बसून राहतं, आटतं, चिकट होतं आणि आधी बारीक जेटला धरतं. हे इथेनॉल आमच्याच भागातल्या उसातून निघतं, त्यामुळं तक्रार कुठल्या तोंडानं करायची हाही प्रश्नच. पण वाटी खोलायची, जेट काढायचं, वायरमधली तांब्याची एक बारीक तार आरपार घालायची, स्प्रे मारायचा, परत बसवायचं, एवढंच काम असतं. सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. चहा होईपर्यंत काम उरकतं असं मी म्हणणार नाही, पण दुपार जात नाही.

बाकी निगा मोटरसायकलसारखीच. ऑइल लिटरला थोडं कमी, मोटरसायकलचंच घालायचं. कारचं घातलं तर ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरायला लागतो. थंडीत सकाळी रडत चालू होत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघून घ्यायची.

बॅटरीवालीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. आवाज नाही. दुपारी आई पडवीत झोपलेली असताना पोरं फिरवू शकतात. पाय भाजायला सायलेन्सर नाही. वेग चावीनं बांधून ठेवता येतो. पेट्रोलचा डबा पोरांच्या हाताला लागायची भीती नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्या पोराला मीही तिच्यावरच बसवीन. आमची मुलगी शिकली ती त्याच गाडीवर.

पण तिच्या चार्जरवरचा तो हिरवा दिवा.

सीटखाली १२ व्होल्टच्या तीन शिसाच्या बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात. त्यातली एक म्हातारी झाली की तिन्ही तिच्या चालीनं चालतात. चार्जरला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की करंट कमी झाला. म्हातारी बॅटरी थोडंसंच घेते, करंट लवकर उतरतो, आणि दिवा उलट नेहमीपेक्षा लवकर हिरवा होतो. म्हणजे बॅटरी जितकी खराब, तितका चार्जर खूश. मीटर लावून बघितलं तरी उभ्या गाडीत तिन्हींवर साडेबाराच्या वर आकडा दिसतो. सगळं झकास. मग पोर गाडी घेऊन बागेच्या पार खालच्या टोकाला, ओढ्याकडं जातं, परतीच्या चढाला गाडी दम टाकते आणि बसते. मी ब्लोअर लावून फवारणीत. मुलगी गाडीशेजारी हेल्मेट घालून उभी, आणि वर मलाच ऐकवते, "पप्पा, लाईट हिरवी होती." तिचं काय चुकलं? हिरवी होतीच.

खराब बॅटरी ओळखायची माझी रीत सांगतो. तिन्ही सुट्या करायच्या आणि कारच्या हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब एकेकीला लावून पाच-दहा मिनिटं जळू द्यायचा, आणि तेव्हा मीटर बघायचा. दोघी बारा व्होल्टच्या आसपास टिकून राहतात, तिसरी दहाच्या दिशेनं घसरते. तीच ती. पण सापडल्यावरही एकटी बदलून भागत नाही. नवी आणि दोन जुन्या एकत्र जुंपल्या की जुन्या नवीलाही ओढतात. तिन्ही एकदम बदलायच्या, आणि तो खर्च ऐकून मेव्हणे फोनवर जरा वेळ गप्पच झाले होते.

बॅटरी ठीक असून गाडी हलत नसेल तर ब्रेकच्या मुठीतला छोटा स्विच बघा. चिखल जाऊन मूठ किंचित दाबलेली राहिली की कंट्रोलरला (बॅटरीचा करंट मोटरला सोडणारा डबा) वाटतं ब्रेक लावलाय, आणि तो मोटरला करंट देतच नाही. हे फुकटात सुटतं. खुद्द कंट्रोलर गेला तर मात्र आमच्याकडं त्याला हात लावणारा मला सापडला नाही. ज्याच्याकडं नेली त्यानं वायरी बघून "ऑनलाईन मागवा" एवढंच सांगितलं. मागवला, तर कनेक्टर वेगळा. पेट्रोलवालीचं असं होत नाही. आडवं सिलिंडर, एअर-कूल्ड, फोर-स्ट्रोक ही होंडाच्या १९५८ च्या सुपर कबच्या घराण्यातली जात आहे, आणि स्प्लेंडर उघडलेल्या कुठल्याही मिस्त्रीला ती परकी वाटत नाही. प्लग, चेन, केबल, छोटी बॅटरी, सगळं गावातल्या दुकानात पर्यायी मिळून जातं.

टायर आणि चेन दोन्हींना सारखीच, म्हणून थोडक्यात. या टायरांना हवा अगदी कमी लागते, साधारण चार पीएसआयच्या आसपास. टायरच्या कडेला लिहिलेलं असतं ते बघा. पंक्चरवाल्याकडं नेली की तो सवयीनं पंचवीस भरतो, आणि मग गाडी ढेकळावरून चेंडूसारखी उडते. सायकलचा पंप आणि कमी दाबाचा गेज घरात ठेवा. काळ्या रानातून आली की चेनवरचा चिखल ओला असतानाच काढा. एकदा वाळला की तो खरवडावा लागतो. पाण्याचा प्रेशर मात्र बेअरिंगवर आणि बॅटरीवालीच्या कंट्रोलरवर मारू नका.

पावसाळ्याचा हिशोबही सांगायला हवा. जूनपासून आमच्या रानात ही चाकं रुततात, म्हणून गाडी शेडमध्ये जाते. पेट्रोलवालीचा कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवायचं, वाटीचा स्क्रू ढिला करून उरलेलं गाळायचं आणि छोट्या बॅटरीची वायर सोडायची. दसऱ्यापर्यंत विसरलं तरी चालतं. बॅटरीवालीला दर महिन्याला, चालवली नाही तरी, चार्जिंग पाहिजे. उतरलेली तशीच ठेवली की ती बसते. तुम्ही शहरात असाल, गाडी डोळ्यासमोर असेल, तर हे काही अवघड नाही. आमच्याकडं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीची तयारी लागली की घरातल्या माणसाचीही आठवण राहत नाही, बॅटरीची कुठून राहणार?

म्हणून पेट्रोलवाली ठेवली. तुमचं पोर सात-आठ वर्षांचं असेल, फिरवायला घराभोवतीचं अंगणच असेल आणि सॉकेट जवळ असेल, तर मी तुम्हाला बॅटरीवालीच घ्या म्हणेन, आणि शक्य असेल तर लिथियमची. मळा असेल, चढ असेल, आणि हातात पाना धरायची थोडी सवय असेल, तर माझं मत तुम्हाला कळलंच आहे.

जुनी घेणार असाल तर पेट्रोलवाली बघायला जाताना आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकानं आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय. चहा घ्या, गार होऊ द्या आणि मग तुमच्यासमोर चालू करायला सांगा. बॅटरीवालीला अंगणात चक्कर मारून काही कळत नाही. अर्धा तास तरी पोराला बसवून चढावरून फिरवा आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिचा जोर किती उरतो ते बघा. विकणारा "चार्जिंग फुल आहे, दिवा बघा की" म्हणाला, तरी फिरवाच.