बॅलन्स पॅड, मिटलेले डोळे आणि आमच्या जिम्नॅस्ट मुली: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

हा पॅड घेतला तो व्यायामासाठी नाही, तपासणीसाठी. ५० बाय ४१ सेंटिमीटर, जाडी ६ सेंटिमीटर, फोम बऱ्यापैकी घट्ट. माझ्या वर्गात ७ ते १३ वयाच्या मुली आहेत. तोल सांभाळताना शरीर डोळे, पाय-घोटे आणि आंतरकर्ण (कानाच्या आतला तोलाचा भाग) या तिघांचं ऐकतं. कुठली मुलगी कोणावर जास्त विसंबते, ते मला बघायचं होतं. हलत्या प्लॅटफॉर्मचं मशीन हेच सहा स्थितींत मोजतं, पण त्याची किंमत लाखांत. शमवे-कूक आणि होराक या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या फोमच्या चाचणीचं सोपं रूप मात्र पॅड आणि स्टॉपवॉचवर भागतं: जमिनीवर डोळे उघडे, मग मिटून, पॅडवर उघडे, मग मिटून. प्रत्येकी ३० सेकंद. डोळे मिटले की नजरेचा आधार जातो, फोमवर पायांची खबर भरवशाची राहत नाही; दोन्ही एकदम केलं की भिस्त आंतरकर्णावर.

आमच्याकडे मात्र या रूपात काहीच कळेना, कारण बहुतेक जणी ३० सेकंद आरामात उभ्या. १० सेंटिमीटर रुंद बीमवर (तोल साधायच्या उंच, अरुंद पट्टीवर) उड्या मारणाऱ्यांना दोन पायांवर उभं राहण्याचं काय कौतुक! आता एका पायावर, हात कमरेवर, २० सेकंद उभं करते आणि चुका मोजते: हात सुटला, डोळे उघडले, टाच उचलली, दुसरा पाय टेकला. भोवती मॅट हवीच.

यात खरी माहिती मिळाली. बीमवर बिनधास्त असणारी एक मुलगी पॅडवर डोळे मिटताच कोलमडते. बीमच्या टोकावर नजर रोखायला आपणच शिकवतो, आणि तिची सगळी भिस्त त्या नजरेवर. टर्नमध्ये नजर सुटते, नेमकी तिथेच ती डगमगायची. घोटा मुरगळून परतलेल्या मुलींसाठीही पॅड कामाचा. दुखायचं थांबलं की घोटा बरा झाला, असं त्या आणि त्यांच्या आया धरून चालतात; डाव्या-उजव्या पायाच्या चुका शेजारी लिहून दाखवल्या की वाद मिटतो. (बीमवर परत कधी चढायचं, ते फिजिओच ठरवतात.)

मोठी तक्रार वजनाची. २२ किलोची मुलगी या फोममध्ये जेमतेम रुतते, ४० किलोची चांगली रुतते. म्हणजे पॅड एकच, पण परीक्षा वेगळी. खोक्यावर याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे दोन मुलींची तुलना मी करत नाही. प्रत्येकीची तिच्याच मागच्या नोंदीशी करते. त्यातून आंतरकर्णाच्या माहितीचा नीट वापर करणं मुलांना किशोरवयापर्यंत हळूहळू जमत जातं, तेव्हा सात वर्षांची मुलगी डुलली म्हणून काही बिघडलेलं नसतं. तरी पालक विचारतातच, "ताई, हिला किती मार्क?"

चाचणी वॉर्मअपच्या आधी घ्यावी. कोलांट्या मारून आलेली मुलगी डुलणारच. पापण्यांच्या फटीतून सगळ्या बघतात, म्हणून पोहण्याच्या चष्म्याला काळा कागद चिकटवला. एका बाजूने मोठा पंखा किंवा गाणं चालू असेल तर मुली आवाजावरून दिशा धरतात, तेही बंद करा.

पॅडवर हाताची पांढरी पावडर बसते, ओल्या फडक्याने निघते. पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो. एक कोपरा दबून मऊ झालाय, तिथे पाय येऊ देत नाही. मोठ्या मुलींसाठी हाच पॅड पुन्हा घेईन. ३० किलोच्या आतल्यांसाठी याहून मऊ शोधतेय.