शॅक की कुळागर?

गोव्यात फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित कुळागर (नारळ-सुपारी, मसाल्याची बागायत) आहे, घरात रांधणारे हात आहेत आणि पर्यटकांना जेवू घालायचा बेत पक्का आहे. आता किनाऱ्यावर शॅकसाठी, म्हणजे वाळूतल्या हंगामी खानावळीसाठी, धडपडायचं, की पाहुण्यांनाच फोंड्यातल्या केरी-सावईवेऱ्याच्या वाटेला लावायचं?

शॅकला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ते समोर वाळूत पहुडलेलंच असतं. रोकड लवकर दिसते. पण जागा मिळते पर्यटन खात्याच्या सोडतीतून, त्यात आधीच्या अनुभवाला वजन. बांबू-झावळ्यांचा मांडव पावसाळ्यापूर्वी मोडावा लागतो. परस्पर दुसऱ्याला चालवायला देणं नियमात बसत नाही (तरी चालतं, हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको). आचारी आणि वाढपी बहुधा परप्रांतीय, मेन्यूत पनीर टिक्का नि नूडल्स. मासळी सोडली तर ताटातला पैसा गावात फारसा मुरत नाही.

कुळागरात उलट. नारळ, मिरी, कोकम, केळी, फणस दारातलेच. उरलेलं शेजारच्या बायकांकडून. तेफळं (तिरफळं) घातलेलं खतखते (मिश्र भाज्यांचं कालवण), मणगणे (चणाडाळीची खीर), सोलकढी हे जेवण शॅकवर सहसा मिळत नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे येणाऱ्या भाविकांना शाकाहारीच हवं असतं, आणि ते पावसातही येतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तुमच्याकडे तायखिळ्याची (टाकळ्याची) भाजी आणि नशीब असेल तर अळमी, म्हणजे रानटी अळंबी. जाताना पाहुणा सोलं (वाळवलेली कोकमं), मिरी विकत नेतो, ती कमाई वेगळी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे विचारणा होणारच. पण ती विकायची तर अबकारी परवाना लागतो.

केरी-कुर्टीच्या मोठ्या मसाला बागांनी ही वाट कधीच पाडली आहे. त्यांची नक्कल नको. बसभर माणसांचा बुफे मांडला की कुळागराचं मंगल कार्यालय होतं.

अडचणी खऱ्या आहेत: अन्न परवाना, स्वच्छ शौचालय, गाडी वळेल असा रस्ता. कळंगुटच्या किनाऱ्यावरून टॅक्सीने येणं महाग पडतं, शिवाय चालक कमिशन मागू शकतो.

माझा कौल असा: किनारी धंद्यात हात बसलेला असेल तर शॅकचा अर्ज भरा. नसेल तर कुळागरात शनिवार-रविवारी, आगाऊ सांगून येणाऱ्यांसाठी वीसेक पानं वाढून बघा. मात्र एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) जितकी नावं, तितक्यांची लेखी संमती आधी घ्या. मुंबईचे काका धंदा चालू लागल्यावरच गावी येतात.