बिननावाचा फ्यूजचा डबा: टेस्ट लॅम्प झकास, फ्यूज तपासून घ्या

पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, आत रंगीबेरंगी पात्यांचे फ्यूज, ते उपसायला छोटा चिमटा आणि जोडीला टोकदार टेस्ट लॅम्प. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी वायरिंगला लावायची वेळ वारंवार येत असेल, तर जुनी मारुती 800, झेन किंवा ओम्नी बाळगणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. टेस्ट लॅम्पला पैकीच्या पैकी गुण, फ्यूज मात्र काठावर पास.

फ्यूजचे रंग ठरलेले असतात: 10 अँपिअर लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. प्रश्न रंगाचा नाही, आतल्या पट्टीचा आहे. चांगल्या फ्यूजवर दुप्पट करंट गेला तर तो पाच सेकंदांच्या आत उडायला हवा. स्वस्त डब्यातला उडेलच याची खात्री नसते, आणि तो टिकून राहिला की वायरच फ्यूजचं काम करते, म्हणजे तीच जळते. तपासणी सोपी आहे. 60/55 वॉटच्या हेडलाइट बल्बच्या आतल्या दोन्ही तारा (फिलामेंट) एकाच वेळी पेटवल्या की साधारण साडेनऊ अँपिअर करंट जातो. जाड वायरने 5 अँपिअरच्या फ्यूजमधून हा बल्ब लावा. काही सेकंदांत फ्यूज उडाला तर ठीक. अर्धा मिनिट शांतपणे बसून राहिला तर डबा परत करा आणि नावाजलेल्या कंपनीचे सुटे फ्यूज घ्या. हेडलाइटच्या जागी तर सुटेच बरे.

टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा (रंगावर नको). फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन बारीक खाचांना टोक टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर सप्लायच येत नाही. आधी चावी आणि स्विच चालू आहे का बघा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका. 10 च्या जागी 20 घालून ‘प्रॉब्लेम संपला’ म्हणणारे मेकॅनिक कमी नाहीत, पण तो संपत नाही, डॅशबोर्डमागे धुमसतो. पार्किंग लाइट लावताच फ्यूज जात असेल तर त्या सर्किटचे सगळे बल्ब काढा, फ्यूज उपसा आणि त्याच्या दोन पात्यांच्या जागी 21 वॉटचा बल्ब जोडा. स्विच चालू केल्यावर हा बल्ब लखलखीत पेटला तर पुढे शॉर्ट आहे. आता एकेक ठिकाणी हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा. जिथे बल्ब विझेल तिथेच वायर घासलेली. डिकीच्या बिजागरीजवळची नंबरप्लेट लाइटची वायर, नंतर बसवलेल्या स्टिरिओचे जोड आणि उंदरांनी कुरतडलेला भाग आधी बघा. या कामाला संचातला लॅम्प पुरत नाही, त्याचा बल्ब फार बारीक असतो. 21 वॉटचा बल्ब आणि होल्डर वेगळा घ्यावा लागतो. संचात तो असायलाच हवा होता.

गगनबावड्याकडच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांचा आजार बहुतेक वेळा फ्यूजचा नसतोच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइट लुकलुकते, म्हणजे मागच्या दिव्याचा अर्थ (बॉडीला जाणारी जोडणी) गेलाय. होल्डरमधला हिरवा गंज पॉलिश पेपरने काढा, अर्थचा स्क्रू सोडवून खालचं लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा. इंडिकेटर एकाच बाजूला घाईघाईने चालत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलून पैसे घालवू नका.

ऊस हंगामात रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या समोर येतात, म्हणून 100/90 वॉटचे बल्ब घालायचा मोह होतो. अशा दोन बल्बना अप्परवर सोळा-सतरा अँपिअर लागतात. हेडलाइटला रिले (छोट्या करंटवर चालून मोठा भार सांभाळणारा स्विच) नसलेल्या गाडीत एवढा भार थेट स्टीअरिंगजवळच्या स्विचवर येतो आणि स्विच वितळतो. आधी दोन रिले आणि जाड वायर, मग मोठे बल्ब.

खरेदीला जाताना आपल्या गाडीतला एक फ्यूज मापासाठी खिशात ठेवा. साधा फ्यूज सुमारे 19 मिलिमीटर रुंद असतो, मिनी 11. प्रीमियर पद्मिनीवाल्यांनी डबा घेऊच नये, तिला पात्यांचे फ्यूज लागतच नाहीत. टेस्ट लॅम्प तेवढा सुटा मागा.