गंडा बांधला आणि घातलाही

आधी आकडा सांगून टाकते : २,५४५ पौंड. आपल्या पैशात अडीच लाखांच्या वर. हे पैसे मी एका बाईला अकरा महिन्यांत माझ्या हाताने, वेळच्या वेळी आणि वर आभार मानून दिले. मी साउदॅम्प्टनला एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शिक्षण एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, माहेर कोल्हापूर. शिक्षण मिरवायला सांगत नाहीये. असल्या भानगडीत अडाणी माणसं सापडतात असं मलाही वाटायचं, म्हणून सांगितलं.

२०२४च्या जुलैत आई गेली. विमान, व्हिसा, पाऊस हे सगळं निस्तरून मी घरी पोचले तेव्हा सावडणंसुद्धा झालं होतं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. धाकटी म्हणाली, "आई, ताईचं आम्ही बघतो." तरी नाही. दोन तास उभे होतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. मी परत इकडे आले ती तो घाट डोक्यात घेऊनच.

रविवारी गाडी काढून न्यू फॉरेस्टमध्ये चालायला जायची सवय तेव्हा लागली. मोकळी घोडी, बर्लीसारखं गाव, तिथल्या दुकानांच्या खिडक्यांत झाडूवरच्या चेटकिणी. पर्यटकांसाठीच ते, पण त्यामागे थोडा इतिहासही आहे. जेराल्ड गार्डनर हा सिलोन, बोर्निओ, मलायात चहा-रबराचे मळे आणि कस्टम्सची नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज १९३८ साली इथून जवळच हायक्लिफला राहायला आला. १९३९च्या सप्टेंबरमध्ये न्यू फॉरेस्टमधल्या एका जुन्या कव्हनने आपल्याला दीक्षा दिली असं त्याचं म्हणणं. कव्हन म्हणजे विक्का पाळणाऱ्यांचा छोटा गट. १७३५चा विचक्राफ्ट ॲक्ट, म्हणजे चेटकाविषयीचा कायदा, १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्याने पुस्तक लिहून हे सगळं उजेडात आणलं. विक्का म्हणतात तो हाच पंथ. देवी आणि देव, चंद्राच्या तिथी, वर्षाचे आठ सण. सॅमहेन म्हणजे ३१ ऑक्टोबर, त्यांची जणू सर्वपित्री. मला त्यात परकं काही वाटेना. ज्या घरात बेंदराला बैल पुजतात आणि वटपौर्णिमेला झाडाला सूत गुंडाळतात, त्या घरातून आलेल्या बाईला चंद्र आणि झाडं पुजणारी माणसं विचित्र का वाटावीत?

हे लांबण लावायचं कारण एवढंच, की मला विक्काने फसवलं नाही. मला अजूनही तो आवडतो.

ऑक्टोबरात एका गावच्या हॉलमध्ये मेळा होता. खडे, अगरबत्त्या, टॅरो, एका कोपऱ्यात समोसेसुद्धा. तिथे हिरव्या मखमली झग्यातली, साठीची, अतिशय गोड बोलणारी एक बाई बसली होती. ती स्वतःला हाय प्रीस्टेस, म्हणजे मुख्य पुजारीण, म्हणवत होती. मागे कापडावर वंशावळ रंगवलेली : वर गार्डनर, खाली सहा नावं, शेवटी ती. आपल्याकडे गवयाचं घराणं सांगतात तसं. मी दहा मिनिटं नुसती उभी होते, तर तिने स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, "कोण गेलं?" मी रडायलाच लागले. आता वाटतं, ऑक्टोबर महिना, काळे कपडे, चाळिशीची एकटी बाई, हे ओळखायला अंतर्ज्ञान कशाला हवं?

फेब्रुवारीत, इम्बोल्कच्या सणाला, नव्यांसाठी 'डेडिकेशन', म्हणजे स्वतःला वाहून घेण्याचा विधी, आहे म्हणाली. जागा सातच. मेणबत्त्यांच्या खर्चापोटी ४५ पौंड आगाऊ, रोख. घरी जाऊन भरायला एक फॉर्म दिला, 'आत्म्याची ओळख' अशा अर्थाचं त्याचं नाव. त्यात आईचं नाव, जन्मतारीख, गेल्याची वेळ, लाडकं नाव, शेवटची भेट आणि 'मनात राहून गेलेलं काही'. मी चार पानं लिहिली. कावळ्याचंही लिहिलं. बँकेच्या फॉर्मवर आईचं माहेरचं नाव टाकताना मी दहादा विचार करते, आणि इथे...

१ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आम्ही सातजणी तिच्या घरामागच्या काचेच्या खोलीत. गोल आखला, चार दिशांना बोलावणं झालं, मीठ-पाणी शिंपडलं, कपाळाला तेल लावलं. मध्येच स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि हाय प्रीस्टेस झगा सावरत खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होती. तेव्हा हसू आलं होतं, पण कुणीच हसलं नाही. खरं सांगायचं तर मला तो विधी भिडला. मी जे बोलले ते मनापासून बोलले. आईनंतर पहिल्यांदा त्या रात्री सलग झोपले.

त्याआधी दारातच सामानाची पेटी घ्यावी लागली होती, १८० पौंड, कार्डाने. काळ्या मुठीची बोथट सुरी (तिला अथामे म्हणतात), पितळी पेला, ताटली, तेल आणि कोऱ्या पानांची चामडी वही. पेला जुना इंग्लिश, तीन पौर्णिमांना सिद्ध केलेला असं तिचं सांगणं. बुडाला हिरवी मखमल चिकटवलेली.

आणि विधीच्या शेवटी तिने लाल दोरा काढला. डोक्यापासून टाचेपर्यंत, मग कपाळाभोवती, छातीभोवती, कमरेभोवती, प्रत्येक मापाला एक गाठ. दोरा गुंडाळून तिने डबीत ठेवला. "हे आता माझ्याकडे." त्याच लाल दोऱ्याचा एक तुकडा माझ्या मनगटाला बांधला. शागिर्दाला गंडा बांधतात तो आठवला. गंड्याचा दुसरा अर्थ मला मराठी बाई असूनही आठवला नाही!

मग हप्ते सुरू झाले. वर्ष आणि एक दिवस शिकायचं, महिन्याला ६० पौंड, थेट तिच्या खात्यात, रेफरन्समध्ये 'गिफ्ट' लिहायचं. आणि बाहेर कुणाशी अक्षर बोलायचं नाही, व्रत मोडतं. आपल्याकडे भटजींना दक्षिणा देतो तीसुद्धा पानावर ठेवून सगळ्यांदेखत देतो. इथे बँकेला खोटं कारण सांगायला लावलं आणि मला त्यात गैर वाटलं नाही.

मे महिन्यात तिचा फोन आला. आवाज घोगरा. ध्यानात तिला एक बाई दिसली, नदीकाठी उभी, हातात भात, आणि वर एक काळा पक्षी जो खाली येत नाही. माझे हात गार पडले. तो कावळा मीच फॉर्मवर लिहून दिला होता, तिसऱ्या पानावर, निळ्या शाईने. हे तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं. कारण मला तो कावळा उतरलेला हवा होता. ६५० पौंडांत तिने तीन रात्रींचं शुद्धीकरण करून तो उतरवला.

जुलैत धाकटीने विचारलं, "ताई, वर्षश्राद्धाला येतीस न्हवं?" मी म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती, तिकिटाचे पैसे नव्हते. आईच्या आत्म्याच्या शांतीपायी ते आधीच खर्च झाले होते.

एवढ्यावर शहाणपण यावं की नाही? ऑगस्टमध्ये मी आणखी १,२५० भरले. सॅमहेनला डोंगरातल्या एका कॉटेजमध्ये तीन दिवस राहून पहिल्या पायरीची दीक्षा मिळणार होती. कॉटेजचा फोटो आला होता आणि फाटकावरची पाटी त्यात नीट वाचता येत होती. सप्टेंबरात मी सहज मालकांना शोधून मेल टाकला, की तिथल्या शेगडीवर माझा कुकर चालेल का. उत्तर आलं : कुकर चालेल, पण त्या तारखांना आमच्याकडे एक कुटुंब उतरणार आहे, तुमच्या गटाचं बुकिंग नाही, कधीच नव्हतं.

मी तिला मेसेज केला, पैसे परत मागितले. तिचं उत्तर दोन ओळींचं. तू व्रत मोडलंस. तुझं माप माझ्याकडे आहे, पुढे जे होईल त्याला मी जबाबदार नाही. त्यानंतर नंबर बंद.

त्या तीन रात्री मी दिवा लावून झोपले. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे आणि रात्री लाल दोऱ्याला घाबरायचं. चौथ्या दिवशी धाकटीला सगळं सांगितलं. ती सहकारी बँकेत आहे, रोज असले गुंतवणूकवाले बघते. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, खुळी का काय गं तू? आपल्या गल्लीत तो लिंबूवाला बुवा यायचा, त्याला तूच पळवून लावलीस की. हीपण तसलीच, फक्त इंग्रजी बोलती." आणि दोऱ्याचं सांगितल्यावर, "ते माप आता चुकलंय बघ. व्हिडिओवर दिसतंय, जाड झालीस." मी हसले ते रडेपर्यंत.

तिनेच मला पेला तपासायला लावला. नखाने मखमल उचकटली, खाली गोंदाचा थर, त्याखाली अर्धवट फाटलेलं चंदेरी स्टिकर : मेड इन इंडिया. खाली बारीक अक्षरात मुरादाबाद. पितळी भांड्यांचं गाव ते! माझ्याच देशातलं फुलपात्र मला जुनं इंग्लिश म्हणून विकलं होतं.

पुढे एका पबमध्ये पेगन लोकांची, म्हणजे विक्कासारखे निसर्गपूजक पंथ पाळणाऱ्यांची, महिन्याची उघडी बैठक असते तिथे गेले. मूट म्हणतात तिला, कुणीही जावं. तिथे गार्डनरच्या परंपरेतली एक म्हातारी भेटली, पूर्वी घरोघर टपाल वाटायची. मी सगळं सांगितलं. ती चिप्स खात शांतपणे ऐकत होती. तिने जे उलगडलं ते मी आपल्या शब्दांत सांगते. डेडिकेशन म्हणजे दीक्षा नव्हे, तो संकल्प. हातावर पाणी सोडतो तसा ज्याचा त्याने करायचा, मध्ये पुरोहित लागत नाही. गार्डनरची शिष्या डोरीन व्हॅलिएन्टी हिने १९७८च्या पुस्तकात एकट्याने करायचा विधी छापून ठेवला, स्कॉट कनिंगहॅमने १९८८ साली एकट्याने विक्का पाळणाऱ्यांसाठी अख्खं पुस्तकच लिहिलं. अंघोळीच्या पाण्यात मूठभर मीठ, एक मेणबत्ती, स्वतःचे शब्द, झालं. वर्ष-आणि-दिवसानंतर येते ती दीक्षा, कव्हनमधली. माप घेतात ते तेव्हा, तेही ओळख मुरल्यावर. तिच्या परंपरेत त्याचे पैसे घेत नाहीत. फार तर चहा-बिस्किटांसाठी बशीत नाणी टाकायची. आणि खरी वंशावळ कुणी मेळ्यात टांगत नाही, ती दीक्षित माणसं एकमेकांत विचारून पडताळतात.

"फेब्रुवारीत बोललीस ते खरं बोललीस?" तिने विचारलं.

"हो."

"मग ते झालं की. बाकीचं तिचं बिल."

पैशांचं सांगते, कारण इथल्या आपल्या लोकांना हे उपयोगी पडेल. १८० क्रेडिट कार्डाने दिले होते. १९७४च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टचं ७५ कलम १०० पौंडांवरच्या खरेदीला लागतं, वस्तू खोटं सांगून विकली तर कार्ड कंपनीही जबाबदार. स्टिकरचा फोटो जोडला, पूर्ण परत आले. कॉटेजचे १,२५० बँक ट्रान्सफरने गेले होते. ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकेने परत द्यायचे, मागणी १३ महिन्यांच्या आत करायची, बँक त्यातून १०० पर्यंत कापू शकते. कॉटेज मालकांचा मेल होता म्हणून १,१५० मिळाले. शुद्धीकरणाच्या ६५०ला मात्र बँकेने हात वर केले : तुम्ही सेवा मागितली, ती मिळाली, हा तुमचा आपसातला वाद. तीन रात्री तिने काहीच केलं नाही हे मी कुठून सिद्ध करणार? मासिक हप्ते 'गिफ्ट' म्हणून गेले होते, तेही तसेच. १,२१५ पौंड बुडाले. ॲक्शन फ्रॉड या तेव्हाच्या फसवणूक-तक्रार केंद्राकडे तक्रार केली, नंबर मिळाला.

तक्रार लिहिताना एक गंमत कळली. तो १७३५चा कायदा चेटकिणींना फासावर द्यायचा नव्हताच. चेटूक असं काही नसतं आणि आपल्याला ते येतं असं सांगणारा लबाड, त्याला वर्षभर कैद, असा तो होता. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर.

बाकीच्या सहाजणींपैकी दोघींशी बोलले. एक तक्रार करायला तयार आहे. दुसरीने फोन ठेवला, तिचे हप्ते अजून चालू आहेत.

परवा त्या हॉलच्या नोटीस बोर्डावर वसंतातल्या मेळ्याचं पोस्टर दिसलं. नवीन आलेल्यांसाठी 'देवीशी पहिली भेट', नाव वेगळंच, फोटोत चेहरा नाही, फक्त टेबल आणि त्यावर ओळीने मांडलेले सात पितळी पेले. मी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, बाई कोण ते माहीत नाही, बुकिंगला आली तेव्हा हिरवा झगा होता खरा.