झेडएफएस पूल नव्या सर्व्हरवर न्यायचाय: डिस्क उचलायच्या की डेटा कॉपी करायचा?

जुन्या सर्व्हरमध्ये 8 टीबीच्या चार डिस्क, त्यांचा रेड-झेड1 मांडणीतला (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी) एक झेडएफएस पूल, म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टिमने अनेक डिस्क जोडून केलेला एक साठा, त्यात 16 टीबी डेटा. शेजारी नवा सर्व्हर तयार. बहुतेकांची गाडी इथेच अडते. त्याच डिस्क काढून नव्यात बसवायच्या, की नव्या डिस्क घेऊन नवा पूल बांधायचा आणि नेटवर्कवरून सगळं कॉपी करायचं? पहिल्यात खर्च नाही, आणि तासाभरात काम उरकतं. दुसऱ्यात चार डिस्कचे पैसे, शिवाय 1 गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला 110 एमबी धरले तरी 40 तास. नुसतं हे गणित मांडलं तर दुसऱ्या वाटेला कुणी फिरकणारच नाही. माझ्या मते वेळ आणि पैसा नंतर बघायचे. आधी बघायचं ते हे, की या डेटाची दुसरी प्रत कुठे आहे का.

डिस्क उचलणं

कुठली डिस्क कुठल्या पोर्टला लावलीय याचं झेडएफएसला सोयरसुतक नसतं. पूलची ओळख प्रत्येक डिस्कवर चार वेळा लिहिलेली असते, दोन प्रती सुरुवातीला आणि दोन शेवटी. जुन्या मशीनवर झेडपूल एक्स्पोर्ट (पूल रीतसर बंद करून सोडायची कमांड), नव्यावर झेडपूल इम्पोर्ट (तो उघडायची), की स्नॅपशॉटसकट (डेटाच्या त्या-त्या वेळच्या गोठवलेल्या प्रतींसकट) सगळं जसंच्या तसं हजर. एक्स्पोर्ट करायच्या आधीच जुनं मशीन मेलं असेल, तर पूल दुसऱ्या सिस्टिमचा आहे म्हणून इम्पोर्ट अडतं. तिथे 'एफ' पर्याय देऊन जबरदस्तीने उघडता येतो. इम्पोर्ट करताना डिस्क 'बाय-आयडी' फोल्डरमधून घ्या. उद्या एखादी बिघडली तर झेडपूल स्टेटसमध्ये सिरियल नंबर दिसतो आणि भलतीच डिस्क उपसली जात नाही.

हे सगळं डिस्क थेट मदरबोर्डला किंवा साध्या एचबीए कार्डला (डिस्क जशीच्या तशी पुढे जोडणाऱ्या) जोडलेल्या असतील तर. मध्ये हार्डवेअर रेड कार्ड (डिस्क स्वतःच एकत्र बांधणारं) असेल, तर पूलच्या खाली त्या कार्डाची स्वतःची मांडणी असते आणि दुसऱ्या कंपनीचं कार्ड ती ओळखेलच याचा भरवसा नाही. अशा वेळी कार्डही सोबत न्या, नाहीतर सरळ कॉपी करा.

मला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त भीती वाटते ती पॉवर केबलची. नव्या कॅबिनेटमध्ये साटा पॉवरची एखादी केबल कमी पडते, जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) पॉवर सप्लायची केबल हाताशी असते, आणि ती नव्या सप्लायमध्ये बसतेही. पण प्लग बसला म्हणजे वायरी जुळल्या असं नाही. डिस्ककडच्या टोकाचं प्रमाण ठरलेलं आहे. सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एकदम जळू शकतात. रेड-झेड1 एक डिस्क गेली तर निभावून नेतं, चार गेल्यावर हात टेकतं. केबल नव्या सप्लायच्या खोक्यातलीच वापरा, जुन्या केबल त्या दिवशी टेबलावरही ठेवू नका.

उलटा प्रकारही होतो: डिस्क मुळी फिरतच नाही. एक्स्टर्नल खोक्यातून काढलेल्या काही डिस्कना साटाच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की त्या बंदच राहतात. ती पिन इन्सुलेशन टेपने झाकली की चालू होतात. अशी डिस्क मेली समजून फेकू नका.

नव्या सर्व्हरवर झेडएफएसची आवृत्ती पुढची असेल, तर स्टेटसमध्ये 'काही फीचर सुरू नाहीत, अपग्रेड करा' असा संदेश दिसेल. तिकडे महिनाभर तरी दुर्लक्ष करा. झेडपूल अपग्रेड मागे घेता येत नाही, आणि तो केल्यावर जुन्या सर्व्हरवर परतायची वाट बंद होऊ शकते.

डेटा कॉपी करणं

40 तास ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण तेवढा वेळ काम बंद ठेवावं लागत नाही. स्नॅपशॉट घ्यायचा, झेडएफएस सेंड-रिसिव्हने (एकीकडून स्नॅपशॉट पाठवणाऱ्या आणि दुसरीकडे घेणाऱ्या कमांडच्या जोडीने) पाठवायला लावायचा. जुना सर्व्हर तोवर नेहमीसारखा चालू. पहिली फेरी संपली की मधल्या काळात बदललेलं तेवढंच दुसऱ्या फेरीत जातं. शेवटच्या फेरीपुरत्या नेटवर्क शेअर बंद केल्या की झालं, आणि ती बऱ्याचदा काही मिनिटांची असते. म्हणजे एकूण वेळ जास्त असला, तरी घरच्यांची किंवा ऑफिसची गैरसोय डिस्क हलवण्यापेक्षा कमीच.

रिसिव्हला 'एस' पर्याय द्यायला विसरू नका. मध्येच लाइट गेली तर टोकन (कुठवर आलं त्याची खूण) घेऊन तिथूनच पुढे सुरू करता येतं, नाहीतर पहिल्यापासून. 'यू' हा पर्यायही द्या, म्हणजे येणारे डेटासेट (पूलमधले डेटाचे विभाग) लगेच माउंट होऊन नव्या सर्व्हरच्या फोल्डरांवर जाऊन बसणार नाहीत. आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडनेही काम होतं, पण स्नॅपशॉट जातात. फाइल सिस्टिमच बदलायची असेल तरच ते.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे जुन्या चुका मागे राहतात. रेड-झेड1 चं रेड-झेड2 (दोन डिस्क गेल्या तरी चालणारी मांडणी) करता येत नाही. ओपनझेडएफएस 2.3 पासून रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते, पण पॅरिटी, म्हणजे किती डिस्क गेल्या तरी चालेल ते, तेवढीच राहते. ॲशिफ्टचंही, म्हणजे पूल बांधताना ठरवलेल्या सेक्टरच्या मापाचंही, तसंच. 4के सेक्टरच्या डिस्कवर कुणी ते 9 (म्हणजे 512 बाइट) ठेवून पूल बांधला असेल, तर लिहिण्याचा संथपणा पूल मोडेपर्यंत पाठ सोडत नाही. नव्या डिस्क घेताना फक्त त्या सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे लिहिणाऱ्या) आहेत ना, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) नाहीत ना, ते मॉडेल नंबरवरून तपासा. वेस्टर्न डिजिटलने आपल्या 'रेड' (लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं 2020 मध्ये मान्य केलं, आणि डिस्क बदलून पूल पुन्हा भरताना एसएमआर फार रडवते.

मग कुठली वाट?

दुसरी प्रत आहे, मांडणी पटते आणि स्मार्टमधले (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींतले) 5, 197 आणि 198 या क्रमांकांपुढचे, खराब सेक्टर मोजणारे आकडे शून्य आहेत: डिस्क उचला. दुसरी प्रत नाही: कॉपी करा, कारण नव्याकडे काही बिघडलं तरी जुना पूल शाबूत राहतो. पाच-सहा वर्षं अखंड फिरलेल्या डिस्क असतील तरी कॉपीच. बंद करून थंड झालेली म्हातारी डिस्क पुन्हा फिरेलच असं नाही. नव्या चार डिस्क परवडत नसतील, तर एक मोठी यूएसबी डिस्क घेऊन पुन्हा मिळणार नाही तेवढंच, म्हणजे फोटो, कागदपत्रं, हिशेब, तिच्यावर घ्या आणि मग डिस्क उचला. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील. कुठलीही वाट धरा, आधी एक स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) पूर्ण होऊ द्या.

झेडएफएस नसेल तर हिशेब थोडा बदलतो. मर्जरएफएसमध्ये (सुट्या डिस्क लिनक्सवर एकत्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक फाइल अख्खी एकाच डिस्कवर असते आणि डिस्क सुटीही वाचता येते, म्हणून तिथे उचलणंच सोपं. विंडोजवरचं स्टेबलबिट ड्राइव्हपूलही सॉफ्टवेअर टाकल्यावर आपला पूल स्वतः ओळखतं. विंडोज स्टोरेज स्पेसेसचा पूल नव्या मशीनवर रीड-ओन्ली दिसला तर हबकू नका, ते पॉवरशेलमधून बदलता येतं.

दोन्ही वाटांनी पूलबाहेरचं काहीच येत नाही: सांबाचे (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) युजर, पासवर्ड, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), एनक्रिप्शनची चावी. चावीची फाइल जुन्या बूट डिस्कवर असेल आणि ती डिस्क फॉरमॅट केली, तर पूल सुखरूप असूनही उघडणार नाही. युजरचं दुखणं लहान पण हमखास. जुन्या लिनक्सवर पहिला युजर आई म्हणून बनवला होता, तिला 1000 क्रमांक मिळाला. नव्यावर आधी बाबांचा बनवला, की आईच्या सगळ्या फाइल बाबांच्या नावावर. युजर जुन्याच क्रमांकांनी बनवा.

कॉपी केली असेल तर नव्या पूलवर एक स्क्रब होऊ द्या, आणि जुना पूल एक्स्पोर्ट करून महिनाभर बंद ठेवा. नंतर त्याच जुन्या सर्व्हरला आठवड्यातून एकदा चालू करून नव्यावरचे बदल त्याच्यावर पाठवत जा. मागचा समान स्नॅपशॉट दोन्हीकडे ठेवलात तर सगळं नव्याने पाठवावं लागत नाही.