ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला वर्गात ऐकू येण्यासाठी काय घ्यावं: नुसतं कानाचं मशीन, बाईंच्या गळ्यातला माईक की भिंतीवरचा स्पीकर?

घरी पलीकडच्या खोलीतून हाक मारली तरी ओ देते, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) नीट बसलाय, मशीन लावून केलेल्या टेस्टचे आकडे पण छान, आणि शाळेच्या डायरीत मात्र दर आठवड्याला तेच, 'वर्गात लक्ष देत नाही'. आमच्या लेकीचं पहिलीत हेच झालं आणि आम्ही सहा महिने तिलाच बोलत बसलो. नंतर कळलं की मशीन बिघडलेलं नव्हतं आणि लेक पण नाही, मधलं अंतर नडत होतं. तेव्हापासून चारपैकी तीन प्रकार वापरून झालेत, एक बघून सोडून दिला, म्हणून हे लिहितोय. ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी.

आधी अंतराचं गणित, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच आहे. बाई एक मीटरवरून बोलल्या तर आवाज साधारण 65 डेसिबल धरा. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी. म्हणजे दोन मीटरवर 59, चार मीटरवर 53. (हा हिशोब मोकळ्या जागेचा आहे, खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून इतका पडत नाही, पण जो परत येतो तो घुमलेला, त्यातली अक्षरं एकमेकांवर चढलेली.) आता पंखा, बाकं सरकवणं, व्हरांड्यातली धावपळ, हे सगळं मिळून 50-55 सहज होतं. आपल्या कानांना हे चालतं, आपण अर्धं ऐकतो आणि अर्धं अंदाजाने भरून काढतो. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला मात्र बोलणं गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबल वर लागतं, आणि ज्याचा शब्दसाठाच अजून तयार होतोय तो अंदाज तरी कशाच्या जोरावर बांधणार? मशीन दोन्ही मोठं करतं, बाईंना पण आणि पंख्याला पण. नवीन मशीनमध्ये गोंगाट कमी करायची सोय असते, थोडा फरक पडतो, पण दीड-दोन मीटरच्या पुढे मशीनचा माईक एकटा पुरत नाही, मग ते कितीही महाग असो. कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऑपरेशन करून कानात बसवतात ते) पण तेच.

तर पहिला पर्याय म्हणजे काहीच न घेणं, मशीन आहेच, पुढच्या बाकावर बसवा. खर्च शून्य, आणि शाळा याला लगेच हो म्हणते. पण बाई काय फळ्यापाशी उभ्या राहत नाहीत, त्या फिरतात, खिडकीपाशी जातात, मागच्या मुलाची वही बघत बघत तिथूनच पुढचं वाक्य बोलतात. शिवाय अगदी पहिल्या बाकावर बसलं की बाकीच्या मुलांची उत्तरं पाठीमागून येतात, ना चेहरा दिसतो ना ओठ. म्हणून पहिला बाक हट्टाने मागू नका. दुसरी ओळ, कडेची जागा, चांगला कान वर्गाकडे, दार आणि पंख्यापासून लांब, हे जास्त चांगलं. आणि हे तर पुढचं काहीही घेतलं तरी करायचंच आहे, त्यामुळे याला मी पर्याय म्हणून धरतच नाही.

दुसरा, ज्याच्या बाजूने मी आहे हे आधीच सांगून टाकतो: बाईंच्या गळ्यात माईक आणि मुलाच्या मशीनला रिसीव्हर. जुने लोक याला अजून एफएमच म्हणतात. पूर्वी खरंच रेडिओसारखं चॅनल असायचं, शेजारच्या वर्गात तोच चॅनल लागला तर तिकडचा इतिहास इकडच्या गणिताच्या तासाला ऐकू यायचा. आता बहुतेक डिजिटल, 2.4 गिगाहर्ट्झवर, फ्रिक्वेन्सी सारखी बदलत राहते त्यामुळे ती भानगड जवळपास संपली. फोनॅक कंपनीचं रॉजर 2013 मध्ये आलं, ते या प्रकारातलं बऱ्याच जणांच्या ऐकिवातलं नाव. फायदा कुठून येतो बघा: माईक तोंडापासून वीतभर, म्हणजे 15 सेंटीमीटर धरा, तर तिथे तोच 65 चा आवाज 80 च्या आसपास असतो. पंखा आहे तेवढाच. म्हणजे मूल चौथ्या बाकावर बसूनही बाईंच्या हनुवटीखाली कान लावून बसल्यासारखं ऐकतं. माईक तोंडाजवळ नसेल तर असं दुसऱ्या कशानेच होत नाही.

आता याची गैरसोय, आणि ती बरीच आहे. मशीनला रिसीव्हर जोडता आला पाहिजे, काहींत आतच असतो, काहींना खाली छोटा शू (जोडणीचा तुकडा) लावून त्यात बसवायचा, आणि काहींना गळ्यात तारेचा लूप घालून टी-कॉईलमधून (लूपचा आवाज पकडणारी मशीनमधली बारकी कॉईल) ऐकायचं, पण हल्लीच्या बारक्या मशीनमध्ये टी-कॉईल कधीकधी नसतेच. म्हणून नवीन मशीन घेतानाच ऑडिओलॉजिस्टना (कान तपासून मशीन लावून देणारे) विचारा की याला रिमोट माईक कोणता आणि कसा लागतो. आम्ही नव्हतं विचारलं. दुसरं, सेटिंग. फक्त बाईंचा माईक चालू आणि मशीनचा स्वतःचा माईक बंद असं ठेवलं तर बाई एकदम स्पष्ट, पण शेजारची मैत्रीण काय बोलली ते गेलं आणि स्वतःचा आवाज पण नीट कळत नाही. शाळेत दोन्ही चालू आणि बाईंचा थोडा वर, असं लावून घ्यायचं असतं, ते मापून करतात, अंदाजपंचे नाही.

तिसरं, म्यूटचं बटण. हा विषय हसण्यावारी जातो पण फार महत्त्वाचा आहे. बाई माईक घालून स्टाफरूममध्ये गेल्या आणि आमच्या लेकीने वर्गात बसल्या बसल्या कोणाला किती मार्क पडलेत ते सगळं ऐकलं आणि मधल्या सुट्टीत वाटूनही टाकलं. बाईंनी नंतर दोन आठवडे माईकला हात लावला नाही, त्यांचंही चूक नाही. पण ह्याची उलटी बाजू जास्त त्रासाची: बाई एका मुलाजवळ जाऊन त्याला हळू आवाजात समजावतायत, आपलं मूल स्वतःची गणितं सोडवतंय, आणि कानात सतत ते दुसऱ्याचं समजावणं. त्याला वाटतं हे मलाच सांगतायत. बाईंना एवढं एकच नीट सांगा, सगळ्यांशी किंवा हिच्याशी बोलताना चालू, बाकी वेळ बंद.

आणि हो, माईकच्या आजूबाजूला मंगळसूत्र, ओळखपत्राची दोरी, ओढणी, काही घासता कामा नये. मुलाला नुसतं खरखर खरखर ऐकू येतं आणि ते सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांनाच असं येतं. कानामागून गालापर्यंत येणारा माईक मिळाला तर बघा, मान वळवली तरी तोंडापासूनचं अंतर तेच राहतं.

तिसरा पर्याय साऊंडफिल्ड. बाईंकडे माईक, पण आवाज मुलाच्या कानात न जाता वर्गातल्या स्पीकरमधून सगळ्यांना. शाळांना हा फार आवडतो आणि त्याची कारणं खरी आहेत. बाईंचा घसा वाचतो, मागच्या बाकावरची सगळीच मुलं जरा जागी राहतात, आणि आपल्या मुलाला 'वेगळं काहीतरी लावलंय' असं होत नाही. बिघडला तर पूर्ण वर्गाला लगेच कळतं, हा फायदा कोणी सांगत नाही पण मोठा आहे, कारण कानातला रिसीव्हर बंद पडला तर दिवसभर कोणाला पत्ता लागत नाही. ज्यांना थोडंच कमी येतं, किंवा सर्दी झाली की कानात पाणी साचून ऐकणं वरखाली होतं, अशा मुलांना हे पुरू शकतं. पण ऐकण्यातला लॉस मध्यम किंवा त्याहून जास्त असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एकट्या साऊंडफिल्डवर भागवू नका. स्पीकरपासून मुलापर्यंत पुन्हा अंतर आलंच ना. आणि खोली घुमणारी असेल, उंच छत, उघड्या भिंती, फरशी, तर स्पीकरने तो घुमण्याचा प्रकार वाढतोच. अमेरिकेच्या वर्गखोल्यांच्या मानकात रिकाम्या वर्गाचा गोंगाट 35 डेसिबलपर्यंत आणि घुमणं 0.6 सेकंदांत विरायला हवं असं धरलंय. तुमचा वर्ग कुठे आहे ते टाळी वाजवून बघा, टाळीमागे शेपूट ऐकू आलं तर आधी पडदे, सॉफ्टबोर्ड, बाकांच्या पायांना रबरी बुचं, मग स्पीकर. काही सिस्टीममध्ये एकाच माईकवर स्पीकर आणि मुलाचा रिसीव्हर दोन्ही चालतात, शाळा खर्च करायला तयार असेल तर ते सगळ्यात छान.

चौथा, मशीनच्या कंपनीचा छोटा क्लिपचा माईक. कॉक्लिअर कंपनीचा मिनी माईक, रिसाऊंड कंपनीचा मल्टी माईक, असे. रिसीव्हर वेगळा लागत नाही, सरळ मशीनशी जोडला जातो, शर्टाला अडकवला की झालं. आम्ही दुसरीत याच्यावर वर्ष काढलं. गाडीत, शिकवणीला, आजीशी बोलायला एक नंबर. शाळेत अडचण अशी की तो सहसा त्याच कंपनीच्या किंवा तिच्याशी जुळणाऱ्या मशीनशीच बोलतो, वर्गात दुसरं मूल न जुळणाऱ्या कंपनीचं मशीन लावणारं असेल तर बाईंच्या गळ्यात दोन माईक. आणि हातात द्यायचा माईक, टीव्ही किंवा स्मार्टबोर्ड असं सगळं एकत्र जोडायची सोय मोठ्या शाळेच्या सिस्टीमसारखी नसते. एकच मूल, लहान वर्ग, एकच बाई, तर खुशाल घ्या.

फोन आणि साधा ब्लूटूथ हेडफोन हा जुगाड बरेच जण सुचवतात. नको. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्तच लागतो, बाईंचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, ओठ बघून समजणाऱ्या मुलाला यापेक्षा वाईट काय. जमिनीतला लूप (खोलीभर टाकलेली तार, टी-कॉईलवर ऐकायची) सभागृहाला ठीक, वर्गांना नाही, शेजारच्या खोलीत झिरपतो.

आता हेच सगळं प्रसंगात ठेवून बघा, कॅटलॉगमधल्या फोटोत वर्ग नेहमी रिकामाच असतो. फळ्याकडे तोंड करून बाई बोलतायत: नुसत्या मशीनला जवळजवळ काही नाही, स्पीकरवाल्याला बऱ्यापैकी, गळ्यातल्या माईकवाल्याला फरकच पडत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाने प्रश्न विचारला: इथे सगळेच नापास, जोपर्यंत माईक त्याच्या हातात जात नाही किंवा बाई प्रश्न परत म्हणत नाहीत. प्रश्न परत म्हणायची सवय फुकट आहे आणि आम्हाला तिचा कुठल्याही यंत्राएवढा उपयोग झाला. गटात काम: गळ्यातला माईक टेबलाच्या मध्ये ठेवायचा, काही माईक आडवे ठेवले की आपोआप गटाचा आवाज घेतात, स्पीकरचा इथे उपयोग नाही. व्हिडिओ: तार जोडून आवाज सरळ मशीनमध्ये, हे फक्त दुसऱ्या आणि काही चौथ्या प्रकारात. मैदान: स्पीकर वर्गातच राहिला, माईक बरोबर येतो. एकाच कानाला कमी येत असेल तर? तिथे लोक 'एक कान चांगला आहे ना' म्हणून सोडून देतात, पण गोंगाटात त्या मुलाचेही हाल होतात, आणि चांगल्या कानाला, कान उघडाच राहील असा छोटा रिसीव्हर लावून रिमोट माईक देता येतो, विचारून बघा.

वयाचं पण बघा. बालवर्गातलं मूल 'बंद पडलंय' हे सांगत नाही, त्यामुळे तिथे रोजची तपासणी कोण करणार हे माईकच्या ब्रँडपेक्षा आधी ठरवा. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांचे सहा आवाज, आ, ऊ, ई, श, स, म, तोंडासमोर कागद धरून (हाताने तोंड झाकू नका, आवाज बदलतो), मुलाने परत म्हणायचे किंवा ठोकळा टाकायचा. एक मिनिट लागतं. म ऐकू आला आणि स नाही आला तर वरच्या पट्टीत काहीतरी गडबड. मग सेल बदला, नव्या सेलवरचं स्टिकर काढून त्याला मिनिटभर हवा लागू द्या आणि मग घाला. आठवी-नववीतल्या मुलांचा प्रश्न उलटा असतो, त्यांना सगळं कळतं पण लावायचं नसतं. तिथे दिसणारी गोष्ट जितकी कमी तितकं बरं, आणि माईक बाईंना नेऊन द्यायचं काम मुलाकडेच द्या, आईबाबांनी मध्ये पडू नका.

ट्रायल मागाच, आणि ती क्लिनिकच्या शांत खोलीत नको, वर्गात. मुलाला त्याच्या रोजच्या बाकावर बसवा, पंखा चालू, बाकीची मुलं हजर, बाईंनी तोंडासमोर कागद धरून मुलाला न सांगितलेले दहा शब्द म्हणायचे, आधी माईक बंद, मग दुसरे दहा माईक चालू. वहीत किती बरोबर आले ते मोजा. आमच्याकडे चार आणि नऊ आले होते, तुमच्याकडे चार आणि पाच आले तर पैसे खर्च करण्याआधी सेटिंग तपासून घ्या.

आणि त्याच दिवशी बाईंना एकच विचारा, तुम्ही रजेवर असलात तर माईक कोणाकडे असतो? आमच्या शाळेत तो कपाटात असायचा आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये.