बाबांचा स्पेक्ट्रम सोलापुरातच दुरुस्त झाला, सात आठवडे लागले

आधी महत्त्वाचं सांगते, घरात माळ्यावर जुना डीबी स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटर पडलेला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. नवी पेठेच्या मागच्या बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे, बोर्डाचा रंग उडालाय त्यामुळं नाव वाचता येत नाही, दारात उघडे स्पीकर ठेवलेले असतात तीच खूण. सगळे त्यांना काकाच म्हणतात. मी फेब्रुवारीत मशीन दिलं आणि एप्रिलमध्ये चालू होऊन घरी आलं, एकूण 2,200 रुपये झाले, त्यात 1,300 कीबोर्डच्या आतल्या मेंब्रेनचे, म्हणजे बटणांखालच्या पातळ फिल्मचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झेडएक्स स्पेक्ट्रम हा 1982 चा इंग्लंडमधला घरगुती कॉम्प्युटर, सिंक्लेअर कंपनीचा, आत झेड-80 प्रोसेसर, मेमरी 48 के (किलोबाइट). म्हणजे आता मोबाईलवर एक साधा फोटो काढला तरी त्यात ती मेमरी कितीतरी वेळा भरेल. मॉनिटर नाही, घरचा टीव्ही जोडायचा, आणि प्रोग्रॅम गाण्याच्या साध्या कॅसेटवर. आपल्याकडं पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं 1988 मध्ये लायसन घेऊन तो डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून काढला. आमच्या बाबांनी 1989 ला पुण्याहून आणला, एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, खाली ठेवला नाही. मी सहावीत होते.

दोन वर्षांपूर्वी मी तो दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात दिला होता. त्यांनी टेबलावरचा वायफायच्या डब्याचा अडॅप्टर उचलून लावला. स्पेक्ट्रमच्या पिनीला आत मायनस असतो आणि बाहेर प्लस, बाकी बहुतेक अडॅप्टरांना बरोब्बर उलटं. पाच सेकंदात वास आला आणि मग मला सांगितलं की आता शोकेसमध्ये ठेवा मॅडम. मी रडले होते त्या दिवशी, खरंच.

काकांनी मशीन हातात घेतल्यावर चालू केलंच नाही हे मला पहिल्यांदा आवडलं. आधी अडॅप्टर मागितला, मीटर लावून व्होल्टेज बघितले, मग स्क्रू काढले. मी स्टुलावर बसले होते तर मला सगळं दाखवत होते. बोर्डवर एक छोटा ट्रान्झिस्टर आहे, टीआर-4 लिहिलेला, तो आणि त्याच्या शेजारचे दोन-चार पार्ट मिळून 12 व्होल्ट आणि मायनस 5 व्होल्ट तयार करतात. खालच्या 16 के मेमरीच्या आठ चिपा आहेत त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, प्लस 12, प्लस 5 आणि मायनस 5, आणि त्यातला मायनस 5 गेला की चिपा जळायला लागतात. आमच्यात तेच झालं होतं, आधी ट्रान्झिस्टर गेला आणि त्याच्या मागं दोन चिपा. काकांनी सगळ्या चिपांवर एकेक करून बोट ठेवलं, म्हणाले, "ह्या दोन बगा, चटका देतायत." त्या जुन्या चिपा दुकानात नव्हत्या, रविवारी येणाऱ्या एका मुलाकडं मेलेला बोर्ड होता त्यातनं काढून बसवल्या.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले. "ताई, हे जसंच्या तसं ठेवायचंय का रोज वापरायचंय?" मी वापरायचंय म्हटलं. तेव्हा सांगितलं की आतला 7805 रेग्युलेटर, म्हणजे अडॅप्टरचे व्होल्टेज कमी करून 5 वर ठेवणारा पार्ट, फार तापतो, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका, त्याच्या जागी न तापणारा छोटा मॉड्यूल घालतो, पण तुम्ही हो म्हणालात तरच. टीव्हीचंही तसंच, जुन्या पद्धतीत चित्र अँटेनाच्या वायरीतून जायचं, आताच्या टीव्हीवर त्याला मुंग्या येतात, तर त्यांनी आतली एक वायर हलवून सरळ व्हिडिओच्या पिनीला जोडणी दिली, डबा कापला नाही, भोक पाडलं नाही, उद्या पाहिजे तर परत पूर्वीसारखं करता येतं. आणि काढलेला प्रत्येक पार्ट छोट्या पिशवीत घालून चिठ्ठीसकट परत दिला. जळलेल्या दोन चिपासुद्धा.

वेळ गेला तो मेंब्रेनमुळं. बटणांच्या खाली प्लास्टिकची पातळ फिल्म असते, एवढ्या वर्षांनी ती वाळून कडक होते आणि वाकवली की तडकते. नवीन फिल्म परदेशात अजून बनवतात लोक, एवढ्या जुन्या मशीनसाठी! ती यायला चार आठवडे लागले.

चालू केल्यावर स्क्रीन पांढरी झाली आणि खाली 1982 आणि सिंक्लेअरची ओळ आली तेव्हा दुकानातले तिघंही एकदम गप्प झाले.

पण माझं खरं काम कॅसेटचं होतं. बाबांचा टेपरेकॉर्डर पण नेला होता, कॅसेट लावली, J चं बटण दाबलं (त्यानं LOAD हा अख्खा शब्द उमटतो), दोन अवतरण चिन्हं, एंटर, आणि सारखं एकच, टेप लोडिंग एरर. काकांनी टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारका स्क्रू कान लावून लावून फिरवला, आवाज आधी गोणपाटातून आल्यासारखा होता तो एकदम धारदार झाला. मग टीव्हीच्या कडेला लाल-निळसर पट्टे आले, मग निळे-पिवळे, आणि अर्ध्या मिनिटात माझा सातवीतला प्रोग्रॅम स्क्रीनवर! त्यात मी "आई" असं लिहिलं होतं. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची 21 अक्षरं बनवता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांची. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढून एकेक ओळ शून्य आणि एक अशी टाईप केली होती, दोन अक्षरांना चार खण, म्हणजे 32 ओळी. ई च्या डोक्यावरचा आकडा मावेना म्हणून शिरोरेघ तिसऱ्या ओळीवर घ्यावी लागली होती आणि मग आ ची पण खाली आणली होती, हे मी पूर्ण विसरले होते, बघितल्यावर आठवलं.

रविवारी संध्याकाळी तिथं पाचसहा जण जमतात. एक बँकेतनं रिटायर झालेले आहेत ते जुन्या मासिकातले प्रोग्रॅम टाईप करतात, चूक सापडली की पेन्सिलनं खूण करतात. आणि तो मेलेला बोर्डवाला मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं एसडी कार्डवरून गेम लोड होईल असा डबा लावलाय, कॅसेटवर चार-पाच मिनिटं लागतात ते क्षणात होतं. तो स्वतः गेम लिहितोय, त्याला माझी अक्षरं दाखवली तर म्हणाला मी 21 मध्ये अख्खी बाराखडी बसवायला बघतोय, मात्रा वेगळ्या छापून. मी त्याला सांगितलं वरच्या दोन ओळी मोकळ्या ठेव. जगभर अशी माणसं आहेत, 2017 मध्ये स्पेक्ट्रम नेक्स्ट नावाच्या नव्या मशीनसाठी लोकांनी सात लाख पौंडांच्या वर पैसे जमवले होते. पण सोलापुरात, चालत जाण्याच्या अंतरावर, हे मला माहीतच नव्हतं.

मोबाईलवर इम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारं ॲप, फुकट आहे मग एवढा खर्च कशाला असं भावानं विचारलं. इम्युलेटर चांगलाच आहे, मीही वापरते, गेम खेळायचे असतील तर तोच घ्या. मला बाबांनी दाबलेली बटणं पाहिजे होती.

तक्रारी पण सांगते. काका फोन उचलत नाहीत, किती दिवस लागतील ते सांगत नाहीत, दुपारी एक ते चार बंद. दुकानात पंख्याखाली एकच स्टूल. पावती मागितली तर कॅलेंडरच्या मागं लिहून देतात. तरी पाचपैकी साडेचार.

जाताना तुमचा मूळ अडॅप्टर न्याच, बिघडलेला असला तरी न्या. मशीन चादरीत गुंडाळून हातात न्या, कुरियर करू नका. कॅसेटा असतील तर त्या घरी आधी वाजवून बघू नका, तशाच द्या, काका आधी टेपरेकॉर्डरचं हेड पुसतात. माझ्या अजून अकरा कॅसेटा राहिल्यात, त्यातल्या चारांवर बाबांचं अक्षर आहे, येत्या रविवारी दोन नेणार आहे.